पंचेचाळीसच्या पुढे

गाडी ओढत नाही, एवढंच सांगितलं मी
नाना पेठेतल्या दस्तगीर शिकलगारला.
येझदी, सत्त्याऐंशीचं मॉडेल.
सपाटीला पंचेचाळीस,
चढाला लागली की दमेकऱ्यासारखी
थांबून थांबून बोलते.

"कधीपासून?"
कधीपासून म्हणजे, पहिल्यापासूनच.
मला वाटायचं स्वभावच असेल तिचा.
शिवाय अप्पा होते तोवर
गॅरेजचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं.
रविवारी अंगणात गोणपाट अंथरून
तेच सगळं करायचे,
दुसऱ्याचा पाना लागू द्यायचे नाहीत.

दस्तगीरनं मान हलवली,
फी ठरायच्या आधी डॉक्टर हलवतात तशी.

प्लग काढला. भाजक्या विटेचा रंग.
"जळतंय बरोबर."
पॉइंटच्या फटीतून लग्नपत्रिकेचा कोपरा सरकवला.
"हेही बरोबर."
प्लगच्या भोकावर अंगठा दाबून म्हणाला, किक मारा.
अंगठा फट्‌कन उडाला, तो खूश.
"कॉम्प्रेशन आहे की! जवान आहे अजून."
मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक चिकटतोय का,
टाकीच्या झाकणातलं श्वासाचं भोक फुंकलं,
सायलेन्सरच्या आतल्या नळ्या ओढून काढल्या,
काजळी खरवडून पेपरवर ठेवली, वाटीभर.
तीही फार नव्हती.
तीन चहा झाले. त्यातला एक माझा.

मग म्हणाला, फिल्टरचा पाइप काढतो,
तुम्ही मूठ पिळा.
पिळली.
"पूर्ण पिळा."
पूर्णच आहे.
बॅटरी दातात धरून तो आत बघत राहिला.

कार्ब्युरेटरचं टोपण फिरवलं,
स्प्रिंग वर आली
आणि स्प्रिंगच्या पोटात, केबलमध्ये ओवलेलं
एक पितळी बुश. करंगळीच्या पेराएवढं.

"कंपनीचं नाही हे."
शर्टाला पुसून त्यानं उन्हात धरलं.
"लेथवर काढलंय. कडा मारल्यात बघा, दोन्हीकडनं,
आतनंसुद्धा. केबल घासू नये म्हणून.
चांगला हात आहे, मॅडम.
पण असं कोण कशाला करेल?"

मी कडा ओळखल्या.
आमच्या लाटण्याला त्याच होत्या.
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं
तोफगोळ्यांच्या टोप्या कातून घरी येणारा हात
दाराच्या खिट्टीलाही बोचरी कड राहू द्यायचा नाही.

एक्क्याण्णव साल. मी एकोणीसची.
"घे गाडी. जा कुठं जायचं तिथं,"
आईशी भांडून म्हणाले होते.
कुणाबरोबर, कधी येणार, शब्दानं विचारलं नव्हतं.
वर्षानुवर्षं मैत्रिणींना सांगत फिरले मी:
आमच्या अप्पांनी मला कधी अडवलं नाही.

"परत घालू?"
नको, म्हटलं.
मग म्हटलं, द्या इकडे.
मजुरी घेतली त्यानं, बुशचे काही नाही,
ते माझंच होतं.

संध्याकाळी बोपदेव घाट.
पहिल्याच वळणावर अशी उसळली
की मी मागं राहते की काय.
पंचेचाळीस. पन्नास.
साठाला आरसे थरथरायला लागले
आणि मागचा रस्ता दिसेनासा झाला.
हेल्मेटच्या आत शिव्या दिल्या मी, मोठमोठ्यानं,
अप्पांसमोर जिभेवर कधी न आलेल्या,
आणि सगळ्या त्यांनाच.
तरी वळणं आली की हात आपोआप ढिला.

माथ्यावर लिंबूसरबत घेतलं.
पाकिटातली चिल्लर न बघता
बाईच्या ओंजळीत ओतली.
तिनं मोजली. एक वस्तू बाजूला काढली,
तिच्या भोकातून सासवडकडं पाहिलं,
परत माझ्या तळहातावर ठेवली.

"ताई," म्हणाली, "हे चालत नाही."